दारावरचं पाचवं चाक

माझ्या दुकानात शिरताना डोक्याच्या बरोबर वर, चौकटीच्या खिळ्याला, मोटारीचं एक तारांचं चाक टांगलेलं आहे. त्याच्या मधल्या भागावरचा रंग मी मुद्दाम खरवडून ठेवलाय. आत पितळेचा पिवळा पट्टा दिसतो. नवा माणूस आला की हमखास मान वर करून विचारतो, "शेठ, हे केवढ्याला?" ते विकायचं नाही. दुकानात एवढी एकच वस्तू अशी आहे जिच्यावर मी घासाघीस करत नाही. बाकी डोक्यावरची टोपी मागितलीत तरी भाव सांगेन, आणि तुम्ही पायरी उतरून परत वर आल्याशिवाय कमी करणार नाही.

तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमती आहेत, सांगतो. पण लिहायला बसलो तो त्या चाकासाठी. ते प्रकरण नाशकात आजही चुकीचं सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्यांच्या मानगुटी धरायचं माझं वय राहिलं नाही.

आधी धंदा समजून घ्या. मी घोटीचा. बाप सुतार, बैलगाडीची चाकं करायचा. मी नाशकात आलो तो उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून, आणि मोटारी पुसता पुसता मला एक गोष्ट दिसली. लढाईच्या आधीचा तो काळ. नाशकात खाजगी मोटारी इतक्या मोजक्या की दुकानात बसून नुसत्या आवाजावरून कुणाची गाडी वळणावर आली ते ओळखता यायचं. या मोटारवाल्यांत काही होते कामापुरते. उरलेले शौकीन. कंपनीनं बसवून दिलेली कुठलीच वस्तू शौकिनाला पसंत पडत नाही. त्याला त्याहून मोठे दिवे लागतात, सापाच्या तोंडाचा भोंगा लागतो, दुसरा कार्बोरेटर लागतो, रेडिएटरच्या झाकणावर पंख पसरलेला पक्षी लागतो. लाकडी आऱ्यांची चाकं काढून त्या जागी तारांची लागतात. हे सगळं तो मुंबईहून मागवतो, महिनाभर घरादाराला दाखवतो आणि पुढच्या होळीपर्यंत कंटाळतो. मग ती वस्तू फडक्यात गुंडाळून माळ्यावर जाते. एकाच्या माळ्यावरून निघून दुसऱ्याच्या मोटारीवर जाईपर्यंतचा तिचा जो प्रवास, तो माझा धंदा.

तुम्ही म्हणाल, ही माणसं आपापसात का देत-घेत नव्हती? दर रविवारी सकाळी त्र्यंबक रोडवर एका वडाखाली सगळे आपापल्या मोटारी घेऊन जमायचे, बॉनेटं उघडून एकमेकांच्या गाडीत डोकावायचे. पण दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेली वस्तू आपण घेतली, हे कुणी कबूल करायचं? प्रत्येक जण म्हणायचा, "मुंबईहून मागवलं." आणि आपली वस्तू विकली, हे तरी कुणी सांगायचं? लोक म्हणतील, हात आखडला. म्हणून मधे मी लागायचो.

माझा नियम एकच होता आणि तो मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी तोंडावर सांगायचो: तुम्ही मला खोड सांगा, मी तुमचं नाव लपवतो. बैलबाजारात खोड लपवणं हा दलालाचा गुण समजतात. मोटारीत तसं चालत नाही. बैलानं मारलं तर एका माणसाला लागतं. वस्तूत काय बिघाड आहे ते विकणाऱ्यानं मला खरं सांगायचं, मी तेवढी किंमत पाडणार आणि घेणाऱ्याला तो बिघाड सांगणार. पण वस्तू कुणाची, हे माझ्या तोंडून कधी येणार नाही. आणि कुणी घेतली, हेही नाही.

हे नाव लपवणं मी इतकं पाळलं की एकदा एका डॉक्टरांना त्यांचेच दिवे परत विकले. त्यांनी कंटाळून दिलेली जोडी मी एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींना दिली, शेटजींनी वर्षभरानं मला परत दिली, मी निकेल चकचकीत करून घेतलं. डॉक्टर दुकानात आले, दिवे हातात घेऊन म्हणाले, "सखाराम, माझे पूर्वी होते ना, त्यांच्यापेक्षा हे फारच सरस." मी म्हटलं, "साहेब, तुलनाच नाही." सांगितलं असतं तर शेटजींचं नाव उघडं पडलं असतं. किंमत मात्र मी सरस दिव्यांचीच घेतली.

आणखी एक गोष्ट मी कुणाला शिकवली नाही, आता सांगायला हरकत नाही. शौकीन माणूस वस्तू विकायला आणतो तेव्हा तो काय बोलतो तिकडे मी लक्ष देत नाही. वस्तू टेबलावर ठेवताना बघतो. एका हातानं ठेवली तर त्याचं मन उठलंय, किंमत खुशाल पाडावी. दोन्ही हातांनी, तान्हं मूल निजवावं तशी ठेवली तर मनात विकायचं नाही, अडचणीनं आलाय. अशा वेळी पाडून मागितलं की तो वस्तू उचलून घरी जातो, आणि पुढे कधीतरी माझे आभार मानतो. बहुतेक मानत नाहीत.

आता चाकं.

एक वकीलसाहेब होते. त्यांचं नाव मी तेव्हा सांगितलं नाही, आताही लिहिणार नाही. कोर्टात त्यांचा दबदबा, आणि मोटारीचं वेड असं की अशील ओसरीवर ताटकळत असायचं आणि हे गाडीखाली आडवे. त्यांच्याकडे तारांच्या चाकांचा जोड होता: चार गाडीला, पाचवं मागे टांगायला. नवी गाडी येणार म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी प्रत्येक तार किल्लीनं वाजवून पाहिली. तार चांगली असेल तर घुंगरासारखी वाजते, मेलेली असेल तर खट्ट करते. सगळ्या वाजल्या. पाचवं चाक बाकीच्यांपेक्षा ताजं दिसत होतं.

"याला रंग नवा दिसतोय, साहेब."

"टवके उडाले होते रंगाचे, म्हणून पुन्हा काढून घेतला."

"खोड?"

"सखाराम, पाचही चाकं निर्धोक आहेत. माझा शब्द आहे."

शब्द आहे म्हटल्यावर मी तुंबा खरवडून बघत नाही. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ज्याच्यावर सगळ्या तारा येऊन टेकतात. मी चाकं उचलली आणि दिंडोरीच्या आबासाहेबांना दिली.

आबासाहेब म्हणजे मोठे बागायतदार, अंगानं आडदांड, मिशा तेल लावून वळवलेल्या. त्यांनी एक हिरवी मोटार घेतली होती, आणि लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्या मोटारीला त्यांना काहीतरी झक्क हवं होतं. चाकं बसवली. व्याह्यांकडे त्यांनी सांगून टाकलं की ही विलायतेहून बोटीनं आली. ते माझ्या नियमात बसत होतं. मी काही बोलायचा प्रश्न नव्हता.

आणि इथं त्यांनी केलं ते कुठलाही शौकीन करेल. पाचवं चाक सर्वांत चकचकीत होतं, म्हणून ते मागे न टांगता पुढे डाव्या बाजूला बसवून घेतलं. वरात यायची त्या बाजूनं पहिलं ते दिसावं म्हणून. मी ते पाहिलं होतं. मला शोभिवंतच वाटलं.

लग्न झालं. लेकीला आणि जावयाला स्वतः कल्याणला पोचवून येतो, असं आबासाहेब आदल्या दिवशी दुकानात सांगून गेले होते. नाशकाहून कल्याण म्हणजे घोटी, इगतपुरी, आणि मग कसाऱ्याचा घाट उतरायचा. आज रस्ता रुंद झालाय. तेव्हा एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काही नाही.

त्या सकाळी मी भद्रकालीत रहीमचाचांकडे एका भोंग्याचा पोचा काढून घ्यायला गेलो होतो. चाचा पितळेची, तांब्याची डागडुजी करायचे. हातोडी मारता मारता त्यांनी सहज विचारलं, "सखारामशेठ, वकीलसाहेबांचं ते चाक कसं आहे? टिकली का आपली झाळ?"

"कसली झाळ?"

"अरे, दगडावर आपटून तुंबा फुटला होता ना. मी पितळ भरून जोडला. त्यांना तोंडावर बोललो, साहेब, हे फक्त मागे लटकवायचं, दिखावा म्हणून. याच्यावर वजन टाकायचं नाही. रंग त्यांनी नंतर लावला."

माझ्या हातातून भोंगा खाली पडला. पुन्हा पोचा आला.

चाचांकडून निघालो तो थेट वकीलसाहेबांच्या घरी. ते कोर्टात निघायच्या तयारीत होते, पगडी हातात. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"साहेब, पाचवं चाक झाळलेलं आहे."

त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "तो म्हातारा काहीही बोलतो."

"ते चाक आत्ता आबासाहेबांच्या गाडीला पुढे डावीकडे आहे. गाडीत त्यांची लेक आहे, जावई आहे. कल्याणला निघालेत."

हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. पगडी टेबलावर ठेवायला गेले ती खाली पडली. "पुढे कशाला लावलं? पाचवं चाक मागे लावतात!"

"ते मागाहून बघू. गाडी काढा. घाटाच्या आधी गाठू."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर त्यांची नवी गाडी उभी होती, नाशकातली त्या वेळची सर्वांत वेगवान. मग म्हणाले, "माझी गाडी नको, सखाराम. आबासाहेब ओळखतील. तू एखादी टॅक्सी कर. खर्च मी देतो."

मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज थांबला, एवढं आठवतं.

माझी स्वतःची मोटार नव्हती. आयुष्यभर मोटारीचे अवयव विकले, अख्खी मोटार कधी घेतली नाही. दुकानात एका रेंजरसाहेबांची मोटारसायकल विकायला आलेली होती. त्यांनी मला खोड प्रामाणिकपणे सांगितली होती: मॅग्नेटो तापला की ठिणगी मरते, मग निवेपर्यंत गाडी हलत नाही. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारा भाग. तो मेला की इंजिन म्हणजे लोखंडाचं ओझं. दुसरं काही हाताशी नव्हतं. लाथ मारली आणि निघालो.

विल्होळीपर्यंत ती छान पळाली. पुढे रस्ता चढू लागला तसे फटाके फुटू लागले, आणि वाडीवऱ्हेच्या पुढे ती मेली. दोन्ही बाजूंना माळ. मी थांबून मॅग्नेटोवर हात ठेवला, तो पोळला. मला दिसत होतं ते त्या तुंब्याचं चित्र: बापाकडे लहानपणी फुटलेले तुंबे पाहिले होते. आधी केसाएवढी चीर, मग खड्ड्यात एक धक्का, आणि गाडी एका बाजूला बसते. बैलगाडी बसते. मोटार बसत नाही, उडते.

कडेला एक विहीर होती. मी डोक्यावरची टोपी काढली, पोहऱ्यात बुडवली आणि ओलीचिंब टोपी मॅग्नेटोला गुंडाळली. वाफ निघाली. पुन्हा बुडवली, पुन्हा गुंडाळली. मोटारसायकलीला शिव्या देऊन झाल्या, रेंजरला देऊन झाल्या, वकिलाला देता देता ती सुरू झाली.

घोटीत बाजाराचा दिवस. भाताच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. एक गाडीवान ओळखीचा निघाला, बापाकडचा.

"हिरवी मोटार गेली का रे इकडून?"

"गेली की मघाशी. लय झक्क चाकं व्हती गड्या! पोरं मागं पळत व्हती. तू आन् असा बोडका? घरी बरं हाय ना?"

भाताच्या गाड्यांतून, गटाराच्या काठानं मोटारसायकल काढली.

इगतपुरीच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या आधी घाटनदेवीचं देऊळ आहे. तिथं थांबून रेडिएटरला पाणी घालायचं, नारळ फोडायचा आणि मग उतरायचं, अशी रीत. त्या रीतीनं मला ते सापडले. नारळ फुटला होता, खोबरं वाटून झालं होतं, आबासाहेब स्टिअरिंगवर बसले होते आणि इंजिन सुरू होतं. मी मोटारसायकल गाडीच्या पुढ्यात आडवी घातली.

"काय रं सखाराम, हितं कुठं?" मग त्यांचं माझ्या डोक्याकडे लक्ष गेलं. "आन् बोडक्या डोक्यानं माझ्या लेकीच्या गाडीपुढं उभा ऱ्हातोस? अक्कल गहाण ठिवली का?"

"आबासाहेब, गाडी बंद करा. जरा बाजूला या, बोलायचंय."

"जे बोलायचं ते हितं बोल. कल्याणला दिवस मावळायच्या आत पोचायचंय."

"बाजूला या म्हणतो ना!"

"वरडू नगंस. हो बाजूला." आणि त्यांनी गिअर टाकला. गाडी हळूच पुढे आली, बंपर माझ्या गुडघ्याला टेकला.

लोक म्हणतात, सखारामनं व्याह्यांच्या पोरासमोर हळू बोलायला हवं होतं. घाटाच्या तोंडावर, बंपर गुडघ्याला लागलेला असताना हळू कसं बोलतात ते मला कुणीतरी शिकवावं. मी दोन्ही हातांनी बॉनेटवर थाप मारली आणि ओरडलो, "ते डावं चाक जुनं आहे, फुटलेलं आहे, पितळेनं जोडलंय! खाली उतरवलंत तर सगळे मराल!"

देवळातली माणसं वळून बघू लागली. मागच्या सीटवरचे जावई हळूच म्हणाले, "मामा, तुम्ही तर म्हणाला होतात विलायतेहून नवीन आलीत?"

आबासाहेबांचा चेहरा काळानिळा झाला. त्यांनी गाडी बंद केली नाही. तेवढ्यात त्यांची लेक शांताताई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आबा, उतरून बघा तरी. बघण्यानं काय जातंय?"

तेव्हा ते उतरले. मी किल्लीनं तुंब्यावरचा रंग खरवडला. आधी पिवळं पितळ दिसलं. आणखी खरवडलं. पितळ जिथं संपत होतं तिथून पुढे एक बारीक काळी चीर निघाली होती. जावयांनी वाकून तिच्यात नख घातलं. नख आत गेलं.

खालून दरीतून वारा येत होता आणि कुठंतरी आगगाडीचं इंजिन धापा टाकत चढत होतं. शांताताईनं देवळाकडे वळून हात जोडले.

मागे टांगलेलं चाक काढून आम्ही पुढे लावलं. मी आणि जावयांनी. आबासाहेब एका बाजूला पाठ करून उभे होते. निघताना ते माझ्याजवळ आले आणि दातावर दात ठेवून म्हणाले, "जावयासमोर माझी पार अब्रू घालवलीस. आता रविवारी वडाखाली ये. ते चाक कुनाचं व्हतं ते समद्यांसमोर सांग. सांगितलंस तर तुझं-माझं मिटलं. नाय सांगितलंस तर ते चाक तूच झाळून विकलं, असं मी मानीन, आन् समद्यांना सांगीन."

चाक पाठीला बांधून मी परत आलो. रविवारच्या आधी वकीलसाहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, मी नाव घेणार नाही. तुम्ही स्वतः बोला. चुकून राहिलं म्हणा, विसरलो म्हणा, काहीही म्हणा. माझी पत राहील."

"बघतो," म्हणाले. "मी बघतो काय ते."

रविवारी वडाखाली सगळे होते. एरवी बॉनेटं उघडी असायची, त्या दिवशी सगळी बंद. आबासाहेबांनी सांगून ठेवलं होतं. वकीलसाहेब आपल्या नव्या गाडीजवळ उभे राहून दिव्याची काच पुसत होते. काच स्वच्छ होती.

"बोल," आबासाहेब म्हणाले. "कुनाचं व्हतं?"

मी सगळ्यांकडे पाहिलं. दिव्यांवाले डॉक्टर होते, जिनवाले शेटजी होते. यांतल्या प्रत्येकाची काही ना काही वस्तू मी दुसऱ्याच्या गाडीवर चढवलेली, आणि सगळे एकमेकांना मुंबईच्या गप्पा मारत होते. एक नाव उघडं केलं असतं तर उरलेल्यांची उघडी पडायला कितीसा वेळ? मी म्हटलं, "माझा नियम तुम्हाला माहीत आहे. मी नाव सांगत नाही. ज्याचं चाक आहे त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल."

आणि थांबलो. वडावरची पाखरं ओरडत होती. काच पुसणारा हात थांबला. मला वाटलं, आता. खरंच वाटलं.

वकीलसाहेबांनी फडकं खिशात घातलं आणि म्हणाले, "आबासाहेब, जाऊ द्या हो. या धंद्यातल्या माणसांकडून आणखी काय अपेक्षा करायची?"

शेजारच्या गाडीच्या फूटबोर्डवर स्टार्टिंगचं लोखंडी हँडल पडलं होतं. ते माझ्या हातात कधी आलं मला कळलं नाही. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. वकीलसाहेब सरकले नाहीत. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. मी जर तेव्हा तोंड उघडलं असतं तर रहीमचाचांना बोलावून मिनिटात सिद्ध केलं असतं. पण त्यांनी नियमातला त्यांचा अर्धा भाग मोडला म्हणून मी माझा मोडायचा, तर मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक तो काय?

मी हँडल होतं तिथं ठेवलं. "आबासाहेब, पाचही चाकांची किंमत घरी पोचती करतो," म्हटलं आणि चालत परत आलो.

त्यानंतर शौकिनांनी मला वस्तू देणं बंद केलं. गंमत बघा, ज्यांची नावं मी पोटात ठेवली तेच म्हणू लागले की सखाराम फुटके तुंबे रंगवून विकतो. मी बस आणि ट्रकच्या सुट्या भागांकडे वळलो. लढाई आली, पेट्रोलला रेशन आलं, शौकिनांच्या गाड्या गोठ्यात गेल्या आणि माझं दुकान वाढलं. पैसा आला. पण ट्रकवाला वस्तू दोन्ही हातांनी ठेवत नाही. तो फेकतो.

शांताताई माहेरी येताना दुकानापुढे गाडी थांबवून विचारतात, "सखारामदादा, बरं आहे ना?" आबासाहेब बरोबर असत तेव्हा गाडी थांबत नसे.

चाक मी वडाखालून परत आलो त्याच दिवशी दारावर टांगलं. वकीलसाहेबांचा कोर्टाचा रस्ता माझ्या दुकानावरून. काही दिवस ते मान खाली घालून गेले, मग वळसा घालून भद्रकालीच्या मागून जाऊ लागले. पुढे एकदा, म्हातारपणी, काठी टेकत दुकानात आले.

"ते चाक विकतोस का?"

"गिऱ्हाईक कोण?"

"मी."

"आबासाहेबांना बरोबर घेऊन या. मग बोलू."

"तू लोकांना नाव सांगितलंस?"

"नाही."

"मग सगळे माझ्याकडे असे का बघतात?"

"कुणी बघत नाही, साहेब. वळसा तुम्हीच घालता."

वाटेल ती किंमत माग, म्हणाले. मी म्हटलं, किंमत सांगितली. ते पायरी उतरले. मला वाटलं, सगळी गिऱ्हाइकं परत वर येतात तसे येतील. आले नाहीत. त्यानंतर वर्षाच्या आतच गेले.

मग त्यांचा मुलगा आला. मोटारीचं वेड नसलेला, सरळ नोकरदार. घर आवरताना माळ्यावर सापाच्या तोंडाचा एक लांब भोंगा सापडला म्हणे. त्यानं तो टेबलावर ठेवला. दोन्ही हातांनी.

"तुमच्याकडेच का आणलात?" मी विचारलं.

"बाबा सांगून गेलेत. माझं सामान विकलं तर सखारामकडेच द्या. नाशकात तोंड बंद ठेवणारा तेवढा एकच माणूस आहे, म्हणायचे."

मी हिशेबाची पाटी बाजूला केली. "कुणासमोर म्हणायचे?"

"कुणासमोर म्हणजे? घरात. जेवताना."

"घरातच ना?"

तो गोंधळला. मग विषय बदलायचा म्हणून त्यानं मान वर केली. "हे चाक छान आहे. कुणाच्या गाडीचं?"

माझ्या तोंडात नाव आलं होतं. ज्या माणसाला ते सांगायला हवं, तो आयता समोर उभा होता. आबासाहेब गेले होते, वड तोडला होता, वडाखालची माणसं पांगली होती. उरला होता तो हा एकटा, आणि त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"आम्ही नाव सांगत नसतो," मी म्हटलं.

तो हसला. "बाबा बरोबरच म्हणायचे."

मग मी भोंगा हातात घेतला, त्याच्या नरड्यावर टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि इतकी कमी किंमत सांगितली की त्याचे कान लाल झाले. "शेठ, मस्करी करता काय?" म्हणून त्यानं भोंगा उचलला, छातीशी धरला आणि पायऱ्या उतरून गेला. मी परत बोलावलं नाही.